पऱ्हाटीचा जाळ : वऱ्हाडातल्या चुलीची गोष्ट

१/
अकोल्याच्या जठारपेठेत आज लाकडाची चूल शोधूनही सहज सापडणार नाही. घरोघरी गॅसची शेगडी आहे आणि नव्या इमारतींच्या स्वयंपाकघरांत धुराड्याला जागाच ठेवलेली नसते. शहराची हद्द ओलांडली की मात्र दृश्य पालटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वऱ्हाडातल्या कोणत्याही गावाच्या शिवेवर आणि अंगणाच्या कडेला काळपट-तपकिरी काड्यांचे उंच ढीग रचलेले दिसतात. त्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली कपाशीची वाळकी झाडे. ज्या मुलखात दाट जंगल फक्त डोंगरांवर उरले, तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी विस्तव कसा पेटत राहिला आणि त्याची किंमत कोणी मोजली, त्याचा हा धागा.

२/
चूल जुनी आहे, किती जुनी हे महाराष्ट्राच्या मातीनेच सांगितले आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या घरांत त्यात चुली आणि अग्निकुंडे आढळली. 'चूल' हा शब्द संस्कृत 'चुल्ली'शी जोडला जातो. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरी नकळत जीवहिंसा घडते अशी पाच ठिकाणे सांगितली आहेत. त्यांत पहिले नाव चुलीचे आहे. जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा त्यानंतर येतात. चुलीला हात जोडणाऱ्या परंपरेने तिच्या तोंडात किडामुंगी जळते हेही विसरू दिले नाही.

३/
मराठीत घर मोजण्याचे एकक भिंत नव्हे, चूल आहे. भाऊ वेगळे झाले की 'चूल वेगळी मांडली' असे म्हणतात. वाडा एकच असला तरी घरे दोन होतात. हिंदू कुटुंबातल्या वाटणीच्या दाव्यांत वेगळी चूल हा न्यायालयापुढे येणारा नेहमीचा पुरावा असे, मात्र तेवढ्यावर वाटणी सिद्ध झाली असे न्यायालये मानत नसत. स्वतंत्र भारताच्या जनगणनेनेही एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या माणसांनाच एक कुटुंब धरले. इंग्लंडमध्ये तर १६६२ ते १६८९ या काळात घरातल्या अग्निस्थानांची मोजणी करून त्यांवर कर घेतला जाई, दर अग्निस्थानामागे वर्षाला दोन शिलिंग. लोक त्या कराला इतके विटले की राजसत्ता बदलताच तो रद्द झाला.

४/
वऱ्हाडी चुलीची घडण साधी असते. काळी किंवा पिवळी माती, तिला तडे जाऊ नयेत म्हणून कालवलेले भुसकट आणि शेण, आणि तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडा असा नालाच्या आकाराचा ओटा. कडेवर तीन उंचवटे ठेवायचे, म्हणजे भांडे टेकते आणि मधल्या फटींतून ज्वाळेला वाट मिळते. शेजारी जोडलेले लहान तोंड म्हणजे वैल. मुख्य चुलीतला उरलेला जाळ आतल्या बोगद्यातून वैलाकडे जातो आणि त्यावर वरण शिजत राहते किंवा पाणी कोमट होते. एकाच सरपणावर दोन भांडी चढवण्याची ही युक्ती कोणा अभियंत्याची नाही. ती घडवणारे हात घरातल्याच बायकांचे होते.

५/
काडेपेटी घरोघरी पोहोचण्यापूर्वी विस्तव नव्याने पेटवणे हे कष्टाचे काम होते. पोलादाचा तुकडा गारगोटीवर घासायचा, ठिणगी कापसाच्या बोळ्यावर झेलायची आणि फुंकर घालून तो बोळा धुमसता करायचा. या सरंजामाला चकमक म्हणत. म्हणूनच विस्तव विझू न देणे हाच खरा शहाणपणा ठरे. रात्री शेवटचे निखारे राखेत पुरून ठेवायचे आणि पहाटे राख बाजूला सारून त्यांवरच काड्या रचायच्या. राखेमुळे निखाऱ्याला हवा जेमतेम मिळते, त्यामुळे तो तासन्‌तास जिवंत राहतो. कधी विझलाच तर गोवरीच्या तुकड्यावर शेजारणीकडून विस्तव मागून आणायचा. वऱ्हाडी बोलीत त्यालाच 'इस्तो' म्हणतात.

६/
चूल पेटवण्याला क्रम असतो. आधी कालची राख काढायची, पण सगळी नाही. तळाशी पातळ थर राहिला की निखारे टिकतात. मग वाळक्या तुराट्यांचे किंवा ज्वारीच्या धसकटाचे बारीक तुकडे सैल रचायचे. गच्च रचले तर हवा कोंडते आणि धूर होतो. त्याखाली पेटती काडी किंवा निखारा. ज्वाळा वर आली की बोटाएवढ्या जाडीच्या काड्या, त्या धरल्या की मनगटाएवढे लाकूड. फुंकणीने फुंकर मारायची ती ज्वाळेवर नव्हे, तिच्या मुळाशी. लाकूड स्वतः थेट जळत नाही. ते तापले की त्यातून वायू सुटतात आणि ते वायू पेटतात. वायू सुटूनही पेटले नाहीत की त्यांचा धूर होतो, आणि ओल्या लाकडाने डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच.

७/
पेटवण्यापेक्षा जाळ राखणे अवघड असते. गॅसच्या बटणाचे काम इथे लाकूड पुढे-मागे सरकवून होते. आत ढकलले की आच वाढते, बाहेर ओढले की मंदावते. भाकरीच्या वेळी तर दोन प्रकारची आच एकाच वेळी लागते. तव्याखाली सलग ज्वाळा हवी आणि चुलीच्या तोंडाशी ओढलेले धगधगते निखारे हवेत. भाकरी तव्यावर भाजली की ती निखाऱ्यांसमोर उभी करतात आणि मग ती फुगते. चुलीसमोर बसलेल्या बाईचा एक हात पिठात, दुसरा सरपणावर आणि डोळा तव्यावर असतो. स्वयंपाक संपला की राख गाळून भांडी घासायला ठेवायची, आणि सकाळी पोतेऱ्याने चूल सारवायची.

८/
सरपणाचेही स्वभाव असतात. बाभूळ जड आणि घट्ट असते. ती सावकाश जळते, धूर कमी करते, निखारा पक्का देते; तिच्या लाकडात किलोमागे सुमारे ४,८०० ते ४,९५० किलोकॅलरी उष्णता असते. तुराटी चटकन पेटते, म्हणून ती सुरुवातीच्या कामाची. गोवरी ज्वाळा फारशी देत नाही, पण मंद धुमसत राहते, त्यामुळे दूध तापवायला आणि रोडगे भाजायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. पऱ्हाटी भडकते आणि तितक्याच लवकर संपते. तिचा निखारा टिकत नाही, म्हणून चुलीसमोरून उठता येत नाही. वऱ्हाडातल्या बहुसंख्य घरांच्या वाट्याला हीच पऱ्हाटी का आली, याचे उत्तर चुलीत सापडत नाही. त्यासाठी शेताकडे आणि बाजाराकडे पाहावे लागते.

९/
वऱ्हाडचा नकाशा समोर धरला की उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगड रांगा आणि मेळघाटचे सागवान दिसते. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा आहेत आणि मधे पूर्णेचे सपाट खोरे. हे खोरे म्हणजे खोल काळी जमीन. ती ओलावा धरून ठेवते, म्हणून कापसाला मानवते. याच खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, जिथे विहिरीचे पाणीही खारट लागते. अकोला याच सपाटीवर, मोर्णेच्या काठी वसले आहे. इथली झाडे म्हणजे मुख्यतः शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ, कडुनिंब आणि नाल्याकाठची झुडपे. मेळघाटचे लाकूड रोजच्या चुलीसाठी इतक्या दूर येणे शक्यच नव्हते.

१०/
१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर या काळ्या मातीवर आली. पुढची चार वर्षे कापसाचे भाव चढेच राहिले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाडातून जात १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. खामगाव, अकोला, अमरावती ही नावे मुंबईच्या बाजारात रोज घेतली जाऊ लागली. गावाच्या कडेचे पडीक आणि चराऊ तुकडे नांगराखाली येऊ लागले. त्या तुकड्यांवरची झुडपे हे गरिबाचे सरपण होते. कापसाच्या तेजीच्या हिशेबात त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

११/
याच दशकांत जंगलांनाही धनी मिळाला. रेल्वेच्या रुळांखाली घालायला, पुलांना आणि इमारतींना सागवान हवे होते. १८६० च्या दशकापासून मेळघाटचे जंगल टप्प्याटप्प्याने राखीव होत गेले आणि १८८६ मध्ये वऱ्हाडसाठी स्वतंत्र वनकायदा आला. सपाटीवरची बाभूळबने आणि गवताचे रमणेसुद्धा वनखात्याच्या वर्गवारीत बसवले गेले. सरकीपासून रुई वेगळी करणारी वाफेची जिनिंग यंत्रे आणि गाठी बांधणारे प्रेस यांनाही जळण लागे. म्हणजे जी बाभूळ चुलीसाठी सर्वांत चांगली, तिलाच आता सर्वाधिक गिऱ्हाइके होती. डोक्यावरून आणलेली मोळी आणि परवाना नसलेली मोळी यांत कायद्याने फरक केला, आणि रानातून सरपण आणणाऱ्या बाईला चौकीदाराची भीती वाटू लागली.

१२/
अशा वेळी जे पीक पडीक जमीन खात होते तेच जळणही देऊ लागले. कापूस वेचून झाला की झाडे मुळासकट उपटायची, वाळवायची, भारे बांधायचे आणि वर्षभराच्या बेगमीसाठी रचून ठेवायचे. ज्याच्याकडे शेत त्याच्याकडे सरपण. ज्याच्याकडे शेत नाही तो दुसऱ्याचे शेत मोकळे करून देई आणि मजुरी म्हणून अनेक ठिकाणी पऱ्हाट्याच घरी नेई. गोऱ्या हातांच्या कापडासाठी पांढरा कापूस मँचेस्टरला गेला आणि झाडाचे उरलेले काष्ठ वऱ्हाडच्या चुलीत आले. कुडाच्या भिंतीही याच काड्यांनी विणल्या जात. दुष्काळात मात्र पीकच नसे. त्यामुळे १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात दाण्याबरोबर जळणही आटले.

१३/
सरपण कमी पडले की शेणाकडे हात जातो. शेणाच्या गोवऱ्या थापल्या म्हणजे ते खत शेताला मिळत नाही. हिंदुस्थानची शेती पाहण्यासाठी आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात हा प्रश्न नेमका पकडला. शेतकरी शेण जाळतो ते अडाणीपणामुळे नव्हे, दुसरे जळण नसते म्हणून, असे त्यांचे निरीक्षण होते. गावांजवळ जळणाची आणि चाऱ्याची राने लावावीत, म्हणजे शेण जमिनीत जाईल, असे त्यांनी सुचवले. जंगलाकडे केवळ इमारती लाकडाचा साठा म्हणून पाहणाऱ्या धोरणाला ही सूचना फारशी पचली नाही. गोवऱ्या थापल्या जात राहिल्या.

१४/
शहरांची व्यवस्था वेगळी होती. अकोला-अमरावतीच्या पेठांत लाकडाच्या वखारी असत आणि लाकूड मणावर तोलून मिळे. स्नानाच्या पाण्यासाठी मध्यमवर्गीय घरांत तांब्याचा बंब आला. मधे नळी, तिच्यात काटक्या-गोवऱ्यांचा जाळ आणि भोवती पाणी. रशियन समोवारचे तत्त्व हेच. स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी, लाकूडकटाईच्या यंत्रावरचा भुसा ठासून भरलेली भुशाची शेगडी आणि पुढे रॉकेलचा स्टोव्ह अशी उतरंड लागली. दाबाने रॉकेलची वाफ करून निळी ज्योत देणारा प्रायमस स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ मध्ये तयार झाला होता. जठारपेठेसारख्या वस्त्यांत धूर असा पायरीपायरीने कमी झाला. खेड्यातल्या चुलीला यांतले काहीच लवकर मिळाले नाही.

१५/
१९३० मध्ये चुलीवरचा विस्तव राजकारणात आला. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह कसा करायचा, याचे उत्तर खारपाणपट्ट्याने दिले. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडण्यात आला. त्याच वर्षी जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव रानातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. तो सत्याग्रह चाऱ्यासाठी असला तरी त्यामागे लोकांचा राग व्यापक होता. गुरांचा चारा आणि घरचे सरपण ज्या रानातून येई, त्या रानात पाऊल टाकायला परवाना लागत होता. मिठाच्या आणि गवताच्या या दोन्ही लढ्यांत सामान्य घरातल्या रोजच्या गरजा पुढे आल्या.

१६/
सरपणाच्या प्रश्नाची आणखी एक बाजू स्वयंपाकघरात दडलेली होती. छपराखाली साचणारा धूर बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जाई, पाठीवर बांधलेल्या किंवा शेजारी खेळणाऱ्या लेकराच्याही. चुलीसमोरचा खोकला हा आजार मानलाच जात नसे. त्याकडे गंभीरपणे पाहणारे एक केंद्र वऱ्हाडच्या शेजारीच उभे राहिले. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा घेतली. संघाच्या जागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव होते. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्याबरोबर तिथे चुलीवरही काम झाले आणि 'मगन चूल' आकाराला आली.

१७/
मगन चुलीचे तत्त्व जुन्या वैलाचेच पुढचे पाऊल होते. जाळ एका तोंडातून आत शिरतो, बंद बोगद्यातून एकामागून एक भांड्यांखालून जातो आणि उरलेला धूर धुराड्यावाटे छपराबाहेर पडतो. धुराड्यातली गरम हवा वर चढताना मागची हवा ओढते, त्यामुळे फुंकणीचे काम कमी होते. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एस. पी. राजू यांनीही याच दिशेने काम केले आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. बारकावे मात्र महत्त्वाचे होते. बोगदा थोडा अरुंद झाला, धुराड्यात काजळी साचली किंवा भांडे तोंडावर नीट बसले नाही, की धूर पुन्हा घरात येई.

१८/
१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो गुंडाळला. दरम्यान देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्याची नोंद झाली. त्यांतल्या पुष्कळ काही वर्षांतच मोडल्या किंवा पडून राहिल्या. कारणे साधी होती. ठरावीक मापाच्या चुलीत पऱ्हाटीचे लांब, वेडेवाकडे काष्ठ मावत नाही. ते तोडत बसायला वेळ लागतो. भाकरी शेकायला तोंडाशी निखारे ओढता येत नाहीत. धुराडे साफ करायला छपरावर कोणी चढत नाही. चूल किती बसवल्या हे मोजले गेले, पण चुलीसमोर बसणाऱ्या बाईला तिच्या सरपणाबद्दल फारसे विचारले गेले नाही.

१९/
खरा बदल गॅसने आणला. बर्मा शेलने १९५५ मध्ये मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली. १९६५ मध्ये इंडेन आले आणि पुढच्या दशकांत सिलिंडर जिल्ह्याच्या गावांत पोहोचले. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतल्या बायकांच्या नावाने जोडण्या मिळू लागल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली ५८.६ टक्के घरे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. चार-पाच वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणात हाच आकडा ४३.८ टक्के होता. तरी जोडणी असणे आणि रोज गॅसवर शिजवणे यांत अंतर आहे. सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात, पऱ्हाटीला लागत नाहीत. म्हणून वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत चहा गॅसवर होतो आणि पाणी व भाकरी चुलीवर.

२०/
आता गोष्ट पुन्हा कापसापाशी येते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीचे मोठे नुकसान केले. ही अळी हंगाम संपल्यावर न फुटलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते. ती बोंडे ज्या पऱ्हाट्यांना चिकटलेली असतात, त्या शेताच्या धुऱ्यावर आणि अंगणात रचून ठेवलेल्या असतात. नव्या हंगामात तिथूनच पतंग बाहेर पडतात. म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या रचून ठेवू नका, त्यांचा बारीक भुगा करा किंवा विल्हेवाट लावा, असे कृषी तज्ज्ञ सांगतात. इजिप्तच्या शेतकऱ्यांपुढेही हाच पेच होता. तिकडे कपाशीच्या काड्या जळणासाठी घरांच्या गच्चीवर रचत आणि अळी रोखण्यासाठी सरकारला त्यावर नियम करावे लागले.

२१/
हा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, पण तो फक्त शेताला उद्देशून आहे. अंगणातला ढीग पिकाच्या दृष्टीने कीड पोसणारा अवशेष असतो आणि घराच्या दृष्टीने वर्षभराचे जळण. तो हटवायचा तर त्या घराला परवडेल असे दुसरे इंधन आधी मिळायला हवे. व्होल्कर यांनी शेणाबद्दल जे म्हटले होते तेच सव्वाशे वर्षांनी पऱ्हाटीला लागू पडते. माणूस ते जाळतो, कारण हाताशी दुसरे काही नसते. बोंडअळीचा बंदोबस्त आणि सिलिंडरची किंमत हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय मानले जातात. चुलीसमोर ते एकच असतात.

२२/
चूल गेली तरी विस्तव पूर्ण गेलेला नाही. होळीसाठी वऱ्हाडात शेणाच्या, मधे भोक असलेल्या चाकोल्या आजही थापतात आणि त्यांच्या माळा होळीला घालतात. रोडग्यांच्या पंगतीसाठी गोवऱ्यांचा हार पेटतो. तो भडकून निवला, लाल निखारा उरला, की कणकेचे गोळे त्यात पुरतात. आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा उतरला की शहराच्या चौकातही शेकोटी पेटते. भोवती चौकीदार, रिक्षावाले, भाजी घेऊन आलेले शेतकरी हात शेकत उभे असतात. काटक्या कशा सैल रचायच्या आणि फुंकर कुठे घालायची, हे त्यांतल्या कोणाला तरी अजून आठवत असते. बहुधा ते त्याने आईच्या चुलीसमोर बसून शिकलेले असते.